आईची मैत्रीण



एखाद्या आईला तिच्या मुलांच्या मित्रांची नावे विचारा. ती भराभर सांगेल. कोण कुठे राहतो, कोणाला काय खायला आवडते, कोणाच्या घरी सध्या आजारपण आहे, हेही तिला ठाऊक असते. पतीच्या मित्रांचीही नावे ती सांगेल, कारण त्यांच्यासाठी तिने कितीतरी वेळा चहा केलेला असतो. मग तिला विचारा, "आणि तुमची मैत्रीण कोण?" इथे ती थांबते, थोडी हसते आणि म्हणते, "आता कसल्या मैत्रिणी, फादर! शाळेत होत्या. आता वेळ कुठे आहे?"

हे उत्तर आम्ही आपल्या धर्मग्रामात घरभेटीच्या वेळी अनेकदा ऐकतो. ते हसत दिले जाते म्हणून हलके वाटते. पण 'वेळ कुठे आहे' असे म्हणताना ती आई दोन गोष्टी सांगत असते. पहिली अशी की माझ्यापाशी वेळ नाही. ही वस्तुस्थिती झाली. दुसरी गोष्ट ती उघड बोलत नाही: जो थोडा वेळ आहे तो मुलांचा आणि घराचा आहे, तो मैत्रिणीवर घालवणे मला शोभत नाही. हा मात्र नैतिक निवाडा आहे, आणि नैतिक निवाडा तपासून पाहावा लागतो. आईने मैत्रिणीला दिलेला तास हा मुलांकडून चोरलेला तास असतो का? आज या प्रश्नाचा आपण थोडा विचार करू.

वेळ नाही, हे खरेच आहे

आधी वस्तुस्थिती मान्य करू. विरार-चर्चगेट लोकलने नोकरीला जाणारी आई पहाटे साडेचारला उठते. पाणी भरणे, डबे करणे, मुलांचे गणवेश, सासूबाईंची औषधे हे सारे आटोपून ती गाडी पकडते. जायला सुमारे दीड तास आणि यायला तितकाच. परतल्यावर स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, उद्याची भाजी. वाडीत राबणाऱ्या आईचा दिवस वेगळा असतो, पण लहान नसतो. आणि जिच्याविषयी आपण 'ती घरीच असते' असे म्हणतो, ती तर दिवसभर सर्वांच्या हाकेला ओ देत असते. अशा बायकांना 'मैत्रीसाठी वेळ काढा' असा उपदेश करणे सोपे आहे. पण तो वेळ कोठून काढायचा, हे सांगितल्याशिवाय त्या उपदेशाला अर्थ नाही.

आपल्या आजींना यापेक्षा मोकळा वेळ होता असे समजण्याचे कारण नाही. त्यांचे कष्ट अधिक होते. परंतु त्यांचे काम बहुधा एकटीचे नसे. विहिरीवर पाणी भरताना, कपडे धुताना, उन्हाळ्यात मसाला कुटताना, लग्नघरी तांदूळ निवडताना, भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या घेऊन मुंबईच्या बाजाराला जाताना चार जणी सोबत असत. हात कामात असत आणि तोंडे मोकळी असत. कोणाच्या घरी काय दुखते आहे ते कळण्यासाठी वेगळी बैठक भरवावी लागत नसे. आज घरात नळ आला, मिक्सर आला, कपडे धुण्याचे यंत्र आले. बाईचे कष्ट कमी झाले, ही चांगलीच गोष्ट झाली आणि कोणी तिला पुन्हा विहिरीवर धाडू नये. मात्र कष्टांबरोबर सोबतही गेली. जे पूर्वी आपोआप मिळत होते ते आज ठरवून मिळवावे लागते, आणि जे ठरवून करावे लागते ते नेहमी यादीच्या शेवटी जाते.

त्यात आणखी एक भर आहे. आपल्याकडे लग्नानंतर घर सोडते ती मुलगी. मुलगा त्याच आळीत, त्याच नाक्यावर, त्याच फुटबॉलच्या मैदानाशेजारी राहतो, म्हणून शाळेतले मित्र त्याला म्हातारपणापर्यंत पुरतात. मुलीची शाळा, तिची वाट, तिच्या सोबतिणी हे सारे माहेरी राहते. विशी-पंचविशीत तिला सर्व पुन्हा पहिल्यापासून जमवावे लागते, आणि ते जमवण्याच्या वयातच तिच्या कडेवर मूल येते.

ॲरिस्टॉटल काय म्हणतो

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसमध्ये होऊन गेलेला तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने 'निकोमाखियन एथिक्स' या ग्रंथाच्या दहापैकी दोन भागांत केवळ मैत्रीचा विचार केला आहे.  तो मैत्रीचे तीन प्रकार सांगतो. काही माणसे उपयोगासाठी जवळ येतात, काही मौजेसाठी, आणि थोडी माणसे एकमेकांच्या चांगुलपणासाठी.

हे प्रकार आपल्या रोजच्या पाहण्यातले आहेत. शाळेच्या फाटकाशी मुलांची वाट पाहणाऱ्या आया, बचत गटातल्या सदस्या, भिशीतल्या बायका या प्रथम उपयोगासाठी भेटतात. गृहपाठ काय दिला, फी कधी भरायची, हप्ता कोणाचा राहिला, हे बोलणे होते. यात वाईट काहीच नाही. ॲरिस्टॉटलसुद्धा या मैत्रीला हिणवत नाही. तो एवढेच सांगतो की उपयोग संपला की ती संपते. मुलाची शाळा बदलली की फाटकावरची मैत्रीण दिसेनाशी होते. तिसऱ्या प्रकारची मैत्री मात्र हळूहळू होते. दोघांनी बरोबर बसून पुष्कळ मीठ खाल्ल्याशिवाय ते एकमेकांना ओळखत नाहीत, अशी त्या काळची एक म्हण तो सांगतो. मीठ जेवणात चिमूटभर लागते. म्हणजे पुष्कळ मीठ संपायला किती जेवणे एकत्र व्हावी लागतील याचा हिशेब आपण करावा.

इथे आपल्या विषयाची अडचण सुरू होते. ॲरिस्टॉटलच्या डोळ्यांसमोर सवड असलेले स्वतंत्र पुरुष होते. घरकामाला त्यांच्याकडे बायका होत्या आणि दास होते. मग ज्यांना सवडच नाही त्यांनी खऱ्या मैत्रीची आशा सोडायची का?

याच विवेचनात तो आईचे उदाहरण देतो, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. मैत्रीत प्रेम मिळण्यापेक्षा प्रेम करणे मोठे, हे पटवून देताना तो म्हणतो की काही आया आपले मूल वाढवण्यासाठी दुसरीच्या हाती देतात, मूल त्यांना ओळखत नाही, तरी त्या त्याच्यावर प्रेम करीत राहतात आणि त्याचे भले झालेले पाहून समाधान मानतात. म्हणजे मैत्रीचे मर्म समजावण्यासाठी त्या थोर तत्त्वज्ञाला आईकडेच जावे लागले. पण त्या आईची मैत्रीण कोण, हा प्रश्न त्या विवेचनात येत नाही. जिच्यापासून सर्वांनी प्रेम शिकायचे तिला बरोबरीचे प्रेम कोठून मिळावे, हे विचारायचे राहून गेले. आपणही बहुतेक वेळा तसेच करतो. मातृदिनी आईच्या त्यागाचे गोडवे गातो आणि तिथेच थांबतो.

गरज असणे आणि ओळख असणे

घरात आईची सर्वांना गरज असते. गरज असणे ही चांगली गोष्ट आहे, तिच्यामुळे जगण्याला बळ येते. पण गरज म्हणजे ओळख नव्हे. ज्याला आपली गरज असते तो आपल्याकडे आपल्या कामासाठी पाहतो. लहान मुलाने तसे पाहणे स्वाभाविक आहे. बाळ आईला 'आज तुला कसे वाटते' असे विचारत नाही. आईचे मुलावरचे प्रेम हे वरून खाली वाहणारे पाणी आहे. ते खाली वाहावे हेच योग्य. पण विहिरीला झरा नसेल तर केवळ उपसा करून ती किती दिवस पुरेल?

हे आम्हांला एका ठिकाणी फार जाणवते. धर्मग्रामात एखाद्या मातेचे निधन होते, तेव्हा अंत्यविधीच्या मिस्सेतील प्रवचनासाठी आम्ही घरच्यांकडून तिच्याविषयी माहिती विचारतो. मुले डोळे पुसत सांगतात: आईने आमच्यासाठी कष्ट केले, आम्हांला शिकवले, कधी तक्रार केली नाही, रोज रोझरी म्हणायची. हे सर्व खरे असते. पण तिला कशाचे हसू यायचे, तरुणपणी तिला काय व्हावेसे वाटत होते, कोणत्या गोष्टीची भीती वाटायची, असे विचारले की घर गप्प होते. मग कधी कधी मागे बसलेली, काठी टेकत आलेली एखादी म्हातारी बोलू लागते, आणि त्या मुलांना आपल्या आईविषयी नव्याने काही कळते. ती म्हातारी म्हणजे तिची मैत्रीण. ज्या घरी अशी कोणीच आलेली नसते, तिथे त्या मातेचा अर्धा भाग कोणालाही न कळता तिच्याबरोबर मातीत जातो. तिच्यावर प्रेम करणारे पुष्कळ होते. तिला ओळखणारे कोणी नव्हते.

आता योहानच्या शुभवर्तमानातील पंधरावा अध्याय आठवा. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशू आपल्या शिष्यांना सांगतो की यापुढे तो त्यांना दास म्हणणार नाही, तर मित्र म्हणेल. या दोघांतील फरकही तो सांगतो. दासाला धन्याचे मन ठाऊक नसते. मित्रांना मात्र त्याने पित्याकडून ऐकलेले सर्व काही सांगितले आहे. म्हणजे प्रभूच्या दृष्टीने मैत्रीची खूण ही की मन उघडे केले जाते. आणि हे बोलून झाल्यावर काही वेळातच तो गेथसेमनी बागेत जातो आणि तिघांना सांगतो की माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले हा भाग वेगळा. पण देवपुत्रालाही संकटाच्या रात्री मित्र जवळ असावेत असे वाटले. बेथानीला मार्था, मरिया आणि लाजरस यांच्या घरी तो उतरत असे, तेही त्याच्या मनुष्यत्वाचा भाग म्हणूनच. मग एखाद्या आईला मैत्रिणीची उणीव भासली तर तिने तो आपला दुबळेपणा का मानावा? देवाने माणसाला असेच घडवले आहे.

पहिला म्हणजे एकमेव नव्हे

इथे कोणी म्हणेल, "फादर, हे ठीक आहे. पण आधी संसार की आधी मैत्रिणी?" हा आक्षेप योग्य आहे आणि ख्रिस्तसभेने त्याचा विचार केलेला आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी प्रेमाला क्रम असतो असे शिकवले. ज्यांची जबाबदारी देवाने आपल्यावर सोपवली आहे, जे आपल्या अधिक जवळचे आहेत, त्यांचा आपल्यावर अधिक हक्क आहे. मूल तापाने फणफणले असताना आई मैत्रिणीबरोबर सहलीला गेली तर ती मैत्री नव्हे, ती कर्तव्यात कसूर आहे. खरी मैत्रीणच अशा वेळी तिला घरी पिटाळील.

परंतु क्रम लावला याचा अर्थ बाकीच्यांना यादीतून खोडले असा होत नाही. ज्याला पहिला क्रमांक दिला तो एकमेव ठरत नाही. पंगतीत मुलांना आधी वाढतात, म्हणून मोठ्यांना उपाशी ठेवत नाहीत. त्याच संत थॉमस यांनी पतिपत्नीमधील नात्याला सर्वांत मोठी मैत्री म्हटले आहे, आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या 'आमोरिस लेतित्सिया' या कुटुंबविषयक पत्रात तो विचार पुढे नेला आहे. मात्र त्याच पत्रात, पती, पत्नी आणि मुले यांच्या लहान वर्तुळाभोवती एक मोठे कुटुंब असते आणि स्नेही व इतर कुटुंबे त्या मोठ्या कुटुंबाचा भाग असतात, असेही सांगितले आहे. म्हणून 'माझ्या बायकोचा मित्र मी आहे, तिला आणखी कोण हवे?' असे म्हणणाऱ्या पतीचे पहिले वाक्य फार चांगले आहे. दुसरे मात्र त्याने पुन्हा तपासावे. सर्वांत मोठी मैत्री ही एकुलती एक मैत्री असली पाहिजे असे नाही.

मुलांच्या हिताचा विचार केला तरीही उत्तर हेच येते. मुले मैत्री पुस्तकातून शिकत नाहीत. आई कोणाला तरी भेटून हसत घरी आली, कोणाच्या तरी दुःखासाठी भाजीचे पातेले घेऊन गेली, भांडण झाल्यावर स्वतःहून बोलायला गेली, हे पाहूनच ती शिकतात. जिला एकही मैत्रीण नाही अशी आई पुढे आपल्या मुलीला आपली एकमेव मैत्रीण करते, मुलाच्या लग्नानंतर त्याच्या वेळेवर हक्क सांगते, आणि मग सुनेचे दिवस अवघड होतात. सर्वच घरांत असे होत नाही. पण जिथे होते, तिथे त्या आईच्या दुष्टपणापेक्षा तिच्या एकटेपणाचा भाग अधिक असतो.

पवित्र शास्त्रातील शेजारणी

संत लूकच्या पंधराव्या अध्यायात एका गृहिणीचा दाखला आहे. तिच्या दहा नाण्यांपैकी एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडते, कानाकोपरा धुंडाळते. हे सर्व कोणाही आईच्या रोजच्या कामातले आहे. नाणे सापडते तेव्हा ती काय करते? मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावते. त्याआधीच्या दाखल्यातील मेंढपाळ मित्रांना बोलावतो. इथे मात्र मूळ ग्रीक पाठात 'मैत्रिणी' असाच स्त्रीलिंगी शब्द आहे. या दाखल्याचा मुख्य अर्थ पापी माणूस परत आल्यावर स्वर्गात होणारा आनंद हा आहे, हे आपण जाणतो. पण तो आनंद समजावून देण्यासाठी प्रभूने आपल्या मैत्रिणींमध्ये उभी असलेली एक कामसू बाई निवडली. हे नाणे म्हणजे सुमारे एका दिवसाची मजुरी. गोष्ट फार मोठी नव्हती, तरी ती मनात ठेवणे तिला जमले नाही. आणि तिने बोलावताच येणाऱ्या मैत्रिणी तिला होत्या. त्या काही नाणे सापडल्या दिवशी मिळालेल्या नव्हत्या.

जुन्या करारातील रूथचे पुस्तक घ्या. नामी मोआब देशातून परत येते तेव्हा तिचा पती आणि दोन्ही मुले मरण पावलेली असतात. बेथलेहेमच्या बायका तिला ओळखतात आणि तिचे कडू बोलणे ऐकून घेतात. पुढे रूथला मुलगा होतो, तेव्हा त्या शेजारणी नामीच्या आनंदात सामील होतात आणि बाळाचे नाव ओबेद असे त्याच ठेवतात. हा ओबेद दावीद राजाचा आजोबा. म्हणजे प्रभू येशूच्या वंशावळीतील एक नाव शेजारच्या बायकांनी ठेवलेले आहे.

आणि ख्रिस्तसभेच्या इतिहासातील दोन माता. ७ मार्च २०३ रोजी आफ्रिकेतील कार्थेज शहरात संत परपेतुआ आणि संत फेलिसिती यांना इतरांबरोबर हौतात्म्य आले. परपेतुआ घरंदाज कुटुंबातील, वय सुमारे बावीस, पदरी अंगावर पिणारे मूल. फेलिसिती दासी, ती तुरुंगातच बाळंत झाली. तिची मुलगी एका ख्रिस्ती भगिनीने स्वतःची मुलगी म्हणून वाढवली. आखाड्यात पिसाळलेल्या गायीने दोघींना खाली पाडले, तेव्हा परपेतुआ उठली, फेलिसिती पडलेली पाहून तिच्याजवळ गेली, तिला हात देऊन तिने उभे केले आणि दोघी एकत्र उभ्या राहिल्या. मालकीण आणि दासी हा भेद त्या हातात उरला नव्हता. रोमन कॅनन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिस्सेच्या प्रार्थनेत या दोन मातांची नावे आजही शेजारी-शेजारी घेतली जातात.

मग काय करावे?

ज्यांच्यापाशी सवड नाही त्यांनी मैत्रीची आशा सोडावी का, असे आपण वर विचारले होते. त्याचे उत्तर संत फ्रान्सिस द सेल्स यांनी दिले आहे. १६०९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे भक्तिमय जीवनाविषयीचे पुस्तक एका विवाहित स्त्रीला लिहिलेल्या पत्रांतून तयार झाले. त्यात ते म्हणतात की सपाट रस्त्यावर चालणाऱ्यांना एकमेकांचा हात धरावा लागत नाही, पण खडबडीत आणि निसरड्या वाटेवर चालणारे एकमेकांना धरून चालतात. मठात राहणाऱ्यांची वाट आखलेली असते. संसारात राहणाऱ्यांना मात्र सन्मित्रांची गरज आहे. म्हणजे मैत्री ही मोकळ्या वेळेची चैन नव्हे. जिची वाट अधिक अवघड, तिला तिची गरज अधिक.

आपल्याच माताभगिनींनी हे कृतीने दाखवले आहे. पश्चिम रेल्वेवर १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली अशी महिला विशेष लोकल सुरू झाली आणि १९९३ साली ती विरारपर्यंत आली. त्या गाडीत आणि इतर गाड्यांतील महिलांच्या डब्यात रोज ठरलेल्या जागी भेटणाऱ्या बायकांनी भाजी निवडता निवडता जी मैत्री जोडली, ती आम्ही लग्नात पाहिली आहे आणि अंत्ययात्रेतही पाहिली आहे. त्यांच्यापाशी सवड नव्हती. प्रवास करणे भागच होते, त्या प्रवासातून त्यांनी मैत्री काढली. आजींनी विहिरीवर केले तेच नातींनी गाडीत केले.

यावरून काही साध्या गोष्टी सुचतात. पहिली, दहा मैत्रिणींचा विचार करू नका, एकीचा करा. दुसरी, मैत्रीसाठी वेगळा वेळ मिळत नसेल तर कामाला सोबत घ्या. बाजाराला, दवाखान्यात, मिस्सेला जाताना एकीला हाक मारा. वाल सोलायचे असतील तर तिच्या ओटीवर बसून सोला. तिसरी, घर आवरलेले नसतानाही तिला आत येऊ द्या. पाहुणीसाठी घर आवरावे लागते, मैत्रिणीसाठी आवरावे लागू नये. चौथी, बोलणे होऊ द्या. माणसांचे एकत्र राहणे म्हणजे गुरांसारखे एका कुरणात चरणे नव्हे, तर बोलणे आणि विचार वाटून घेणे, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. व्हॉट्सॲपच्या एका गटात दीडशे जणी रोज 'शुभ सकाळ' पाठवतात, ते बरेचसे कुरणात चरण्यासारखे आहे. त्याच फोनवरून एकीला पाच मिनिटे विचारले, 'कालच्या तपासणीचे काय झाले?' तर ती मैत्री होईल.

पाचवी गोष्ट जपून सांगावी लागते. दोघी भेटल्या आणि तिसरीची निंदा झाली, तर त्या भेटीने कोणाचेच भले होत नाही. बेन सिराखच्या पुस्तकात मित्राची पारख करून मग विश्वास टाकावा असे सांगितले आहे, आणि गुपित फोडणाऱ्याला मित्र पुन्हा मिळत नाही अशी कडक ताकीदही आहे. मैत्रिणीने सांगितलेले तिच्या घराचे दुखणे आपल्या घरी जेवताना निघू नये, पतीसमोरही नाही.

घरच्यांना आणि धर्मग्रामाला

आतापर्यंत मातांशी बोललो. पण हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही. संध्याकाळी पती नाक्यावर मित्रांना भेटून येतो, तेव्हा तो तास मुलांकडून चोरलेला आहे असे कोणी म्हणत नाही. मग तोच प्रश्न आईलाच का विचारला जातो? बंधूंनो, महिन्यातून दोन संध्याकाळी मुलांचे जेवण आणि अभ्यास आपण पाहावा आणि पत्नीला तिच्या मैत्रिणीकडे जाऊ द्यावे. परत आल्यावर 'इतका वेळ काय बोलत होतात?' असे विचारू नये. सासूबाईंनीही नव्या सुनेची माहेरची मैत्रीण घरी आली तर तिला चहा विचारावा. सुनेच्या मनात सासरविषयी माया त्या चहातून येते.

आपल्या धर्मग्रामालाही काही करता येईल. महिला मंडळाची सभा केवळ सणाची कामे वाटून घेण्यासाठी नसावी. छोट्या ख्रिस्ती समूहाची प्रार्थना संपताच सर्व जण निघून जातात, तिथे थोडा वेळ बसावे. आणि जुन्या मैत्रिणींनी एक भान ठेवावे: आपला घोळका इतका घट्ट होऊ नये की बाहेरचीला आत पाऊल टाकता येणार नाही. नव्या वसाहतीत राहायला आलेली, परगावाहून लग्न होऊन आलेली, नुकतीच विधवा झालेली भगिनी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एकटीच रिक्षाची वाट पाहत उभी असते. ती कोण, हे आपल्याला ठाऊक आहे.

तर आईने मैत्रिणीला दिलेला तास चोरीचा असतो का? नाही. तो देवाने माणसाला माणूस म्हणून दिलेल्या गरजेचा तास आहे आणि त्याचा लाभ शेवटी घरालाच होतो. तो तास तिला घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि आपल्या सर्वांच्या या धर्मग्रामाने मिळवून दिला पाहिजे.

पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेजवळ रडणाऱ्या मग्दालियाच्या मरियेला प्रभूने तिच्या नावाने हाक मारली आणि तिने त्याला ओळखले. आपल्या मातांना दिवसभर आई, सूनबाई, वहिनी, मॅडम अशा हाका येतात. त्या सर्व हाका प्रेमाच्या आहेत. त्यांत एखादी हाक त्यांच्या स्वतःच्या नावाची असावी. माताभगिनींनो, आज मिस्सेनंतर घरी जाण्याची घाई असेल, ती असू द्या. पण फाटकाबाहेर पडण्याआधी एकीला तिच्या नावाने हाक मारा आणि ती कशी आहे ते विचारा. तिच्या उत्तरासाठी दोन मिनिटे थांबा.

प्रभू येशू, जो आम्हांला मित्र म्हणतो, तो आपल्या सर्व मातांना एक तरी विश्वासू मैत्रीण देवो आणि त्यांना कोणाची तरी विश्वासू मैत्रीण करो. आमेन.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू